बॅटरी बदलली तरी फोन तापतोच: एका फोनचा प्रकरण अभ्यास

५००० मिलीअँपिअर-तास बॅटरीचा, मागे काच असलेला, अडीच वर्षं वापरातला अँड्रॉइड फोन. तक्रारी तीन. खिशात नुसता पडून असला तरी मांडीला ऊब जाणवते. चार्जिंगला लावला की अर्ध्या तासात ‘बॅटरी गरम झाल्यामुळे चार्जिंग थांबवलं आहे’ असा संदेश येतो. व्हिडिओ घ्यायला लागलं की सात-आठ मिनिटांत कॅमेरा बंद पडतो. तीन आठवड्यांपूर्वी बॅटरी बदलून झाली होती. फरक पडला नाही. उलट चार्जिंग थांबल्याचा संदेश त्यानंतरच येऊ लागला.

तक्रार लिहून घेताना हे शेवटचं वाक्य हमखास निसटतं. इथे अर्धं उत्तर त्यातच होतं.

(हे नमुना प्रकरण आहे. तापणाऱ्या फोनांत वारंवार दिसणारे दोष एका फोनवर मांडले आहेत. आकडे याच आकाराच्या, याच क्षमतेच्या फोनला लागू पडतील असे घेतले आहेत.)

आधी धोका, मग दुरुस्ती

बॅटरी फुगली आहे का, एवढं पाहिल्याशिवाय पुढचं काहीच करायचं नाही. फोनचं कव्हर काढून तो सपाट काचेवर पालथा आणि उताणा ठेवला. डुलत नाही. कडेची फट चारही बाजूंनी सारखी. स्क्रीनवर मधोमध पांढुरका डाग नाही, गोडसर रासायनिक वासही नाही. यातलं एक जरी लक्षण दिसलं असतं तरी चार्जर काढून, फोन बंद करून, तो जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवून थेट बॅटरी काढण्याकडे वळावं लागलं असतं. फुगलेली बॅटरी दाबून ‘बसवण्याचा’ प्रयत्न कधीही करू नये. आतल्या दोन इलेक्ट्रोडांमधला पडदा काही मायक्रॉनचा असतो. तो फाटला की आतल्या आत शॉर्ट होतो आणि तापमान आवरायला हातात काही उरत नाही.

दुसरी खात्री तापमापकाची. बॅटरीच्या पट्टीत तापमान मोजणारा एक छोटा भाग, थर्मिस्टर, असतो आणि फोन त्याच्यावर विसंबूनच चार्जिंग थांबवतो. बदललेल्या बॅटरीत हाच चुकीचा असला तर फोन थंड असतानाही ‘गरम’ असा संदेश येतो. तपासायला सोपं आहे: फोन रात्रभर बंद ठेवायचा, सकाळी चालू करताक्षणी बॅटरीचं तापमान वाचायचं. संगणकाला जोडून एडीबी या अँड्रॉइड तपासायच्या साधनातून ‘डम्पसिस बॅटरी’ ही आज्ञा दिली की आकडा मिळतो. तो अंशाच्या दहाव्या भागात असतो, म्हणजे २७४ आलं तर २७.४ अंश. खोली २७ अंश, फोन २७.४ अंश. थर्मिस्टर खरं बोलतोय. मग संदेशही खरा.

किती वॅट, हे आधी काढा

फोन तापण्याच्या तक्रारीत बहुतेकांचा हात सर्वात आधी फॅक्टरी रीसेटकडे जातो, नाहीतर बॅटरीकडे. दोन्ही घाईचे मार्ग आहेत, कारण फोन किती उष्णता तयार करतोय हे कळलेलंच नसतं. आणि ते कळायला यंत्रही लागत नाही, बॅटरीची टक्केवारी पुरते. फोनने ओढलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते. स्क्रीनचा उजेड आणि अँटेनातून जाणारा अंश सोडला तर.

५ अँपिअर-तास गुणिले ३.८५ व्होल्ट म्हणजे सुमारे १९.२५ वॅट-तास. त्यामुळे तासाला १ टक्का उतरला तर फोन सरासरी ०.१९ वॅट खातोय. तासाला ८ टक्के म्हणजे दीड वॅट. एवढा एकच गुणाकार पुढच्या सगळ्या तपासाचा पाया आहे.

आता दुसरी बाजू. फोनला पंखा नसतो. १६० बाय ७५ मिलिमीटरच्या फोनची पुढची आणि मागची बाजू मिळून ०.०२४ चौरस मीटर होते. स्थिर हवेत असा पृष्ठभाग दर चौरस मीटरला, दर अंशामागे साधारण १० वॅट सोडतो. म्हणजे फोन खोलीपेक्षा १५ अंशांनी गरम झाला तर ३.६ वॅट बाहेर जातात. ही त्याची ऐपत. जड गेममध्ये प्रोसेसर थोडा वेळ याच्या दुपटीहून जास्त ओढू शकतो, म्हणूनच काही मिनिटांनी फोन स्वतःच वेग कमी करतो. तो दोष नव्हे. जाडजूड सिलिकॉन कव्हर घातलं किंवा फोन गादीवर ठेवला तर ही ऐपत आणखी घटते. आणि ऊन तर हा हिशेबच मोडून टाकतं: डोक्यावरचं कडक ऊन चौरस मीटरला सुमारे १००० वॅट असतं, फोनच्या एका बाजूवर त्यातले १२ वॅट पडतात. गाडीच्या काचेमागे ठेवलेला फोन काहीही न करता तापतो तो यामुळे.

पहिली मोजणी: काही न करताना

खोली २७ अंश. कव्हर काढलेलं. फोन दोन पेन्सिलींवर आडवा, म्हणजे खालूनही हवा लागेल. सिम चालू, मोबाइल डेटा चालू, वायफाय बंद, स्क्रीन बंद, एक तास. मागच्या बाजूवर तीन ठिकाणी कागदी चिकटपट्टीचे तुकडे लावून त्यांच्यावर इन्फ्रारेड तापमापक धरला. पट्टी का? चकचकीत धातूवर हा तापमापक खूप कमी आकडा दाखवतो. कागदावर तो भरवशाचा असतो. हाताच्या स्पर्शावर तर विसंबूच नये, कारण एकाच तापमानाची धातूची कड प्लास्टिकपेक्षा जास्त चटका देते.

नोंद अशी: कॅमेऱ्याजवळ ३८.५, मध्यभागी ३४, चार्जिंग पोर्टजवळ ३२.५ अंश. तासात ८ टक्के उतरले. पडून असलेला फोन दीड वॅट खातोय. निरोगी फोन अशा वेळी तासाला १ टक्क्याच्या आसपास, बऱ्याचदा त्याहून कमी उतरतो.

लगेच दुसरा तास, एअरप्लेन मोडमध्ये. १ टक्का उतरला, कॅमेऱ्याजवळ २८ अंश.

या एका तासाने खूप काही वगळलं. मदरबोर्डवर, म्हणजे फोनच्या मुख्य सर्किटवर, एखादा कपॅसिटर (वीज साठवणारा बारीक भाग) गळत असता आणि बोर्ड आतल्या आत करंट खात असता, तर एअरप्लेन मोडमध्येही ताप तसाच राहिला असता. अपवाद एकच: रेडिओच्या, म्हणजे सिग्नल पाठवणाऱ्या-घेणाऱ्या भागाच्या, सप्लाय लाइनवरचा दोष, कारण रेडिओ बंद असताना ती लाइनच बंद होते. म्हणून बोर्ड निर्दोष असं इथे ठरवलं नाही, संशय फक्त आकसला: नेटवर्क, किंवा नेटवर्क वापरणारं ॲप.

तिसरा तास सेफ मोडमध्ये, सिम आणि डेटा चालू. पॉवर मेनूतल्या ‘बंद करा’वर बोट दाबून धरलं की बऱ्याच अँड्रॉइड फोनांत हा पर्याय येतो, काही कंपन्यांची रीत वेगळी असते. यात डाउनलोड केलेली ॲप्स झोपतात, फोनची मूळ ॲप्स चालू राहतात. २ टक्के उतरले. म्हणजे रेडिओचा भाग ठीक आहे. त्याला रात्रंदिवस कामाला जुंपणारं कोणीतरी डाउनलोड केलेल्या ॲप्समध्ये आहे.

बॅटरीच्या यादीत गुन्हेगार का दिसला नाही

सेटिंग्जमधल्या बॅटरी-वापराच्या यादीत सर्वात वर ‘मोबाइल नेटवर्क’ होतं, कुठलंच ॲप नव्हतं. इथे अनेक जण नेटवर्क कंपनीला दोष देऊन थांबतात. पण रेडिओने खाल्लेली वीज ही यादी बऱ्याचदा रेडिओच्या नावावर टाकते, ते काम सांगणाऱ्या ॲपच्या नावावर नाही. म्हणून त्याच वेळी डेटा-वापराची यादी उघडायची. तिथे फोटो-व्हिडिओ साठवणाऱ्या एका ॲपने महिनाभरात पार्श्वभूमीत ३१ जीबी मोबाइल डेटा वापरला होता. त्याच महिन्यात काढलेले सगळे फोटो आणि व्हिडिओ मिळून ६ जीबीसुद्धा भरत नव्हते.

ॲपची अपलोड रांग पाहिली. ३.८ जीबीचा एक लांबलचक व्हिडिओ. तो थोडा वर चढायचा, जोडणी तुटायची, आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात. दिवसरात्र हेच.

यात सिग्नलने भर घातली. फोनच्या माहितीतल्या सिम-स्थितीत सिग्नलची ताकद डीबीएम या एककात दिसते; उणे आकडा जितका मोठा, तितका सिग्नल अशक्त. फोन जिथे दिवसभर असतो तिथे उणे ११६, खिडकीजवळ उणे ९८. अठराचा फरक कागदावर लहान वाटतो, प्रत्यक्षात सिग्नल सुमारे ६३ पट अशक्त असतो. फोर-जी फोन अँटेनातून जास्तीत जास्त ०.२ वॅट सोडतो, पण तेवढे सोडायला त्याचा ॲम्प्लिफायर, म्हणजे सिग्नल वाढवणारा भाग, त्याच्या कितीतरी पट वीज ओढतो, आणि सिग्नल अशक्त असेल तेव्हा तो सतत वरच्या टोकाला चालतो. शिवाय वेग घसरल्याने तेच काम जास्त वेळ चालतं. खिडकीजवळ तोच तास ५ टक्क्यांत गेला, वायफायवर ४ टक्क्यांत. तेव्हा मूळ दोष ॲपचा, आणि अशक्त नेटवर्कने तो दुप्पट केलेला.

उपाय साधा होता. तो व्हिडिओ केबलने संगणकावर उतरवला, रांगेतून काढला, ॲपला पार्श्वभूमीत मोबाइल डेटा वापरायला मनाई केली आणि अपलोड फक्त वायफायवर ठेवलं. ‘फक्त चार्जिंग चालू असताना’ हा पर्याय मात्र मुद्दाम बंद केला. एरवी तो बॅटरी वाचवतो. पण आधीच चार्जिंगमध्ये तापणाऱ्या फोनवर त्याच वेळी अपलोडचं ओझं टाकणं चुकीचं.

पुढच्या तासात १.२ टक्के उतरले. खिशातली ऊब गेली.

फॅक्टरी रीसेट केला असता तर? फोन दोन दिवस उलट जास्त तापला असता, कारण सगळी ॲप्स पुन्हा उतरणार, फोटोंची अनुक्रमणिका पुन्हा बनणार. मग काही दिवस शांत, आणि ॲप पुन्हा त्याच व्हिडिओला भिडलं की पहिले पाढे पंचावन्न. मोठ्या अपडेटनंतरचे एक-दोन दिवसही असेच असतात, तेव्हाच्या मोजण्या तपासात धरू नयेत. सॉफ्टवेअर नव्याकोऱ्या फोनलाही तापवू शकतं. २०२३ मध्ये आयफोन १५ प्रो तापतो अशी ओरड झाली तेव्हा बोट त्याच्या टायटॅनियमच्या चौकटीकडे दाखवलं गेलं. ॲपलने कारण सांगितलं ते आयओएस १७ मधला दोष आणि काही ॲप्सचं अतिरेकी काम, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये १७.०.३ या अपडेटने दुरुस्ती दिली.

चार्जिंग अजूनही गरम

खिशातला ताप गेला, म्हणून प्रकरण संपलं असं वाटणं साहजिक होतं. चार्जिंगला लावल्यावर थांबल्याचा संदेश आता येत नव्हता, पण बॅटरी ४३ अंशांवर जात होती आणि पूर्ण भरायला पावणेतीन तास लागत होते. लिथियम-आयन बॅटरी साधारणपणे ० ते ४५ अंशांतच चार्ज करायची असते. वरची मर्यादा जवळ आली की फोन आधी करंट उतरवतो, मग थांबवतो. म्हणजे संदेश गेला तरी फोन अजून कड्यावरच उभा होता.

यूएसबी मीटर लावला: ९ व्होल्ट, १.९ अँपिअर, सुमारे १७ वॅट. दहा मिनिटांनी हा आकडा ढासळू लागला. चार्जर आणि केबल दोन्ही बदलून पाहिले, तेच. पोर्टमध्ये उजेड टाकला; थोडा कापसासारखा मळ होता, तो लाकडी टोकाने काढला, पिनांवर हिरवट गंज नव्हता. महत्त्वाचं म्हणजे पोर्टजवळचं तापमान ३४ अंशच होतं. केबलचा किंवा पोर्टचा दोष असता तर ताप खालच्या टोकाला दिसला असता.

ताप होता कॅमेऱ्याच्या बाजूला, अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत: ४९ अंश. तिथून ३ सेंटिमीटरवर ३५. चौदा अंशांची ही दरी या प्रकरणातला सर्वात बोलका आकडा आहे. धडधाकट फोनमध्ये उष्णता मागच्या बाजूभर पसरते, एका जागी साठत नाही.

फोन पूर्ण बंद करून चार्जिंगला लावला. तोच ठिपका, तसाच गरम. प्रोसेसर सुटला, उरली चार्जिंगची आयसी, म्हणजे चार्जिंग सांभाळणारी चिप. १७ वॅट हाताळताना ती ९० टक्के कार्यक्षम धरली तरी १.७ वॅट काही मिलिमीटरच्या चिपमध्ये उष्णता होतात. बॅटरीत सुमारे ३.९ अँपिअर जातात, आणि तिचा आंतरिक रोध ६० मिलीओहम धरला तर तिथे आणखी ०.९ वॅट. एकूण २.६ वॅट: फोनच्या ऐपतीत बसणारे, पण उष्णता पूर्ण पृष्ठभागावर पसरली तरच. ती पसरत नव्हती.

इथे तीन आठवड्यांपूर्वीच्या दुरुस्तीबद्दल पुन्हा विचारलं. बॅटरी बदलताना मागची काच तडकली होती, म्हणून तीही नवी बसवली होती.

उघडल्यावर

बॅटरी २५ टक्क्यांच्या खाली उतरवून, हीटिंग प्लेटवर मागची बाजू ७०–८० अंशांवर काही मिनिटं ठेवून, पातळ प्लास्टिक पत्ती कडेने फिरवून काच काढली. बॅटरीच्या बाजूला पत्ती फार आत घालायची नाही. सर्वात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवला.

तीन गोष्टी दिसल्या. नव्या काचेच्या आत ग्राफाइटची काळी फिल्म नव्हती. मूळ काचेला ती चिकटलेली असते आणि काचेबरोबर फेकली जाते. चार्जिंग आयसीवरच्या शील्डला, म्हणजे धातूच्या झाकणाला, चिकटलेली दुसरी ग्राफाइट पट्टी अर्धी फाटून गेली होती, खालचं थर्मल जेल (उष्णता पुढे नेणारा लेप) एका कोपऱ्यात वाळून बसलं होतं. आणि वरच्या प्लास्टिक ब्रॅकेटचे दोन स्क्रू गायब होते, त्यामुळे ब्रॅकेट शील्डला दाबूनच धरत नव्हतं.

ही फिल्म कागदासारखी दिसते, म्हणून तिला कोणी भाग समजत नाही. पण चांगल्या ग्राफाइट फिल्ममध्ये उष्णता पृष्ठभागाच्या दिशेने तांब्याहूनही वेगाने पळते, आणि आरपार मात्र फार कमी जाते. तिचं काम थंड करणं नाही, पसरवणं आहे. ती गेली की तोच १.७ वॅटचा ठिपका एकटा तापतो.

बोर्ड हातात होताच, म्हणून डीसी सप्लायवर ४ व्होल्ट देऊन पाहिलं: पॉवर बटण न दाबता करंट शून्य. गळती नाही. करंट दिसला असता तर थर्मल कॅमेऱ्याने किंवा रोझिनच्या (राळेच्या) धुराचा पातळ थर देऊन कुठला कपॅसिटर तापतो ते शोधावं लागलं असतं. नव्या बॅटरीवरची चार्जिंग व्होल्टेजची मर्यादाही मूळ बॅटरीशी ताडून पाहिली; ती जुळत होती. ४.२ व्होल्टचा सेल ४.४५ व्होल्टच्या फोनमध्ये बसवला तर तो रोज जास्त भरला जातो, आणि तो धोका तापापुरता राहत नाही.

जुनं जेल आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. शील्ड आणि ब्रॅकेटमधली फट मोजायला चिमूटभर मऊ माती ठेवून ब्रॅकेट घट्ट केलं, काढून मातीची जाडी मोजली: अर्धा मिलिमीटर. तेवढ्याच जाडीचा, वीज न वाहणारा मऊ थर्मल पॅड कापून लावला. जाड पॅड जास्त थंड करेल असं वाटतं, पण तो बोर्डला वाकवतो आणि स्क्रीन पुढून उचलतो. गॅलियमचा द्रव धातू इथे चुकूनही नको, तो ॲल्युमिनियमची चौकट पोखरतो. काचेच्या आत नवी ग्राफाइट फिल्म लावली, दोन्ही बाजूंना इन्सुलेशनचा थर असलेली, कारण ग्राफाइट वीजही वाहतो. कापलेल्या कडा पातळ टेपने बंद केल्या. अँटेनाच्या जागा आणि एनएफसीची (फोन टेकवून पैसे देण्यासाठीची) कॉइल मोकळी सोडली. फिल्म त्यांच्यावर गेली तर ताप जातो आणि सिग्नल मरतो, म्हणजे खिशातला ताप दुसऱ्या दाराने परत. बॅटरीवर पॅड लावला नाही. वापरात ती किंचित जाड होते, तिला जागा हवी.

दोन स्क्रू बसवले, नवी चिकटपट्टी लावून काच दाबून बसवली. पाण्यापासूनचं मूळ संरक्षण मात्र आता धरून चालायचं नाही.

नंतरच्या नोंदी

त्याच खोलीत, त्याच चार्जरवर: बॅटरीचं कमाल तापमान ३८.४, कॅमेऱ्याजवळचा ठिपका ४०.५, तिथून ३ सेंटिमीटरवर ३७. दरी चौदावरून साडेतीनवर. मीटरवरचे १७ वॅट बॅटरी निम्म्याहून जास्त भरेपर्यंत टिकले, पूर्ण भरायला १ तास ५० मिनिटं. व्हिडिओ २० मिनिटं सलग चालला. शेवटी फोन ४२ अंशांवर होता, कॅमेरा बंद पडला नाही. पडून असताना तासाला १.१ टक्का.

नेटवर्क उणे ११६ च राहणार, त्यावर फोनमध्ये दुरुस्ती नाही. घरातल्या कॉलसाठी वायफाय कॉलिंग चालू केलं आणि फोन ठेवायची जागा खिडकीकडे सरकवली. आणखी एक सवय बदलायला सांगितली: गरम फोन फ्रीजमध्ये ठेवण्याची. थंड झालेल्या फोनवर बाहेर येताच बाष्प धरतं, ते आतही धरतं, आणि या फोनची कड आता पहिल्यासारखी बंद नाही. कव्हर काढून, चार्जर सोडवून, पंख्याखाली पाच-दहा मिनिटं ठेवला तरी तो पुरेसा उतरतो.

दोन आठवड्यांनी डेटा-वापराची यादी पुन्हा पाहिली. साठवणूक ॲपचा पार्श्वभूमीतला मोबाइल डेटा शून्य, आणि चार्जिंग थांबल्याचा संदेश त्या काळात एकदाही आला नव्हता.